शेऱ्याचा रकाना

जुना लॅपटॉप मरणपंथाला लागला म्हणून त्यातलं सगळं नव्यात ओतत होते, तेव्हा पहिल्यांदा तो आकडा डोळ्यांनी बघितला. ६,८४२. एवढ्या फाइल्स माझ्या 'पुस्तकं' नावाच्या फोल्डरमध्ये होत्या, म्हणजे 'पुस्तकं', 'पुस्तकं नवीन', 'पुस्तकं नवीन २', 'लावायची आहेत' आणि 'लावायची आहेत जुनी' हे सगळं धरून. निम्म्याहून जास्त पीडीएफ, मग ईपब, थोडे फोनवर काढलेले पानांचे फोटो, आणि एक 'नवीन फोल्डर (३)' ज्यात एका पुस्तकाचं फक्त मुखपृष्ठ होतं, पुस्तक नव्हतंच.

आवरायचा प्रयत्न मी याआधी तीनदा केलाय. एक्सेल उघडायचं, रकाने आखायचे, रकान्यांना रंग द्यायचे (हा भाग मी फार मन लावून करते), तीस पुस्तकं भरायची आणि मग एकतिसावं पुस्तक वाचायला लागायचं. संपलं. कपड्याची घडी घालताना कपडा वाचत बसत नाही कुणी, म्हणून कपाटं आवरली जातात आणि पुस्तकं तशीच राहतात.

तर यावेळी ठरवलं की एआयला सांगायचं. नुसत्या गप्पा मारणारं नव्हे, तर जे तुमच्या कॉम्प्युटरवर बसून फोल्डर वाचतं, स्वतःच स्क्रिप्ट (म्हणजे छोटे प्रोग्राम) लिहितं, चालवतं आणि काय केलं ते सांगतं, तसलं असिस्टंट. पहिल्या दिवशी मी त्याला तीन शब्द टाइप करून दिले, हे सगळं आवर. असं कुणालाच सांगू नये, माणसालासुद्धा, कारण आवरणं म्हणजे काय याची प्रत्येकाची कल्पना वेगळी आणि प्रत्येकाला वाटतं आपलीच खरी.

यातली हजारभर पुस्तकं मी कधीतरी कॅलिबरमध्ये घातली होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कॅलिबर हे ई-पुस्तकं सांभाळायचं फुकट सॉफ्टवेअर, कोविद गोयल यांनी २००६ साली सोनीच्या एका ई-रीडरसाठी लिहायला घेतलेलं आणि आता जवळपास कुठलाही फॉरमॅट पचवणारं. ते आपली यादी एका डेटाबेस फाइलमध्ये ठेवतं आणि पुस्तकं लेखकाच्या नावाच्या फोल्डरमध्ये, पण ती फोल्डरं रोमन लिपीत करतं. मराठी नावाचं ते रोमन रूप फार करमणुकीचं असतं, मधले सगळे अ गळून पडतात, लेखक दातखिळी बसल्यासारखा आपलं नाव सांगतोय असं वाटतं. असिस्टंटला ती नावं बिघडलेली वाटली (मलाही वाटतात), म्हणून त्याने ती थेट सुधारून टाकली. फोल्डरं सुंदर दिसायला लागली आणि कॅलिबर उघडलं तर त्याला एकही मराठी पुस्तक सापडेना, कारण त्याच्या यादीत पत्ते जुनेच.

वाचले ते कॅलिबर बनवणाऱ्यांच्या शहाणपणामुळे. प्रत्येक पुस्तकाच्या फोल्डरमध्ये ते त्या पुस्तकाच्या माहितीची एक छोटी प्रत टाकून ठेवतं, आणि डेटाबेस गेला तर त्या चिठ्ठ्यांवरून अख्खी यादी पुन्हा उभी करता येते. उभी केली. दोन तास गेले आणि थोडा घाम.

त्या रात्री मी नियम लिहिले, एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, जी ते दर वेळी कामाला लागायच्या आधी वाचतं. कॅलिबरच्या फोल्डरला थेट हात लावायचा नाही, जे काय ते कॅलिबरच्याच कमांडमधून. आधी काय बदलणार ते दाखवायचं आणि मी हो म्हणेपर्यंत थांबायचं. काहीही डिलीट करायचं नाही, 'बाजूला' नावाच्या फोल्डरमध्ये हलवायचं. आणि केलेल्या प्रत्येक बदलाची एक ओळ लिहून ठेवायची, आधी काय होतं, नंतर काय झालं. हा शेवटचा नियम मी निव्वळ घाबरून घातला होता. आणि हो, बॅकअप. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर, हे सगळ्यांना पाठ असतं. मी पाळते असं लिहिणार होते पण घराबाहेरची प्रत मागच्या वर्षीची आहे.

मग डुप्लिकेट. हे काम त्याने इतकं झटपट केलं की मला जरा वाईटच वाटलं. प्रत्येक फाइलचा हॅश काढायचा, म्हणजे फाइलमधल्या एकूण एक बाइटवरून तयार होणारी एक खूण, एसएचए-२५६ नावाची पद्धत वापरली तर ६४ अक्षरांची, आणि दोन फाइलींची खूण सारखी असली की फाइल तीच, नाव काहीही असो. ९१३ निघाल्या. एका पुस्तकाच्या तर पाच प्रती, पाच वेगळ्या नावांनी, म्हणजे ते पुस्तक मी पाच वेळा 'अरे वा' म्हणत उतरवून घेतलं होतं आणि पाचही वेळा वाचलं नव्हतं. पण एक बाइट बदलला तरी खूण पूर्ण वेगळी होते, त्यामुळे तेच पुस्तक कुणी दुसऱ्यांदा स्कॅन केलेलं असलं तर हॅशला त्याचा पत्ता नाही. तिथे असिस्टंट अंदाजाने जुळवतं, नाव साधारण सारखं, लेखक तोच, पानं जवळपास तेवढीच. असंच जुळवून त्याने एका पुस्तकाची पहिली आणि तिसरी आवृत्ती एकच धरली आणि कमी साइझची फाइल 'बाजूला' टाकू का म्हणून विचारलं. कमी साइझची ती पहिली आवृत्ती होती, तिला जी प्रस्तावना आहे ती लेखकाने पुढे काढून टाकलीय. मी नाही म्हटलं. ते म्हणालं, तुमचं बरोबर आहे, आवृत्ती तपासायला हवी होती. इतक्या पटकन चूक मान्य करतं की भांडायची मजाच जाते.

आयएसबीएनचं, म्हणजे पुस्तकाला दिलेल्या ओळख-क्रमांकाचं, जरा सविस्तर सांगते कारण त्यात मला त्याचा स्वभाव कळला. आयएसबीएन आंतरराष्ट्रीय मानक म्हणून आलं १९७० साली, आधी दहा अंकी होतं, १ जानेवारी २००७ पासून तेरा अंकी झालं. आता माझ्याकडे एक १९२० च्या दशकातलं पुस्तक आहे, ज्याच्या स्कॅनमध्ये वाळवीने पाडलेली भोकंसुद्धा नीट दिसतात, त्याच्यापुढे तेरा अंकी आयएसबीएन भरलेला. म्हटलं पुनर्मुद्रणाचा असेल, शोधला, तर तो कुठल्याच पुस्तकाचा नव्हता. मनाने रचलेला. आयएसबीएनचा शेवटचा अंक आधीच्या बारांवरून ठरतो, एका अंकाला १ ने पुढच्याला ३ ने असं गुणत जायचं, बेरीज करायची, आणि शेवटचा अंक असा की सगळ्याला १० ने भाग जावा. ही तपासणी स्क्रिप्टमध्ये घालायला लावली तेव्हा त्याने भरलेल्यांपैकी बरेच गळाले. सगळे नाही गळाले, कारण उगाच ठोकलेला आकडासुद्धा दहात एकदा आपोआप बरोबर ठरतो, आणि शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले आणि त्यांच्यात पाचाचा फरक असला तर ही तपासणी गप्प बसते. शेवटी नियम केला, की आयएसबीएन एकतर पुस्तकाच्या पानावर छापलेला दिसला पाहिजे, नाहीतर ओपन लायब्ररीसारख्या एखाद्या कॅटलॉगमध्ये त्याच नावासकट मिळाला पाहिजे, नसेल तर रकाना रिकामा. रिकामा चालेल, हे त्याला तीन वेगवेगळ्या प्रकारे सांगावं लागलं. परीक्षेत एकही प्रश्न सोडायचा नाही म्हणून काहीतरी लिहून येणारी मुलं असतात ना, तसं आहे ते, रिकामी जागा बघवत नाही त्याला.

देवनागरीपाशी मात्र मला त्याचा खरा उपयोग झाला आणि तिथेच मी त्याच्यावर सगळ्यात जास्त चिडलेही.

आधी उपयोग. माझ्या सर्चमध्ये वर्षानुवर्षं एक भूत होतं, 'दुसऱ्या' असा शब्द टाकला की काही पुस्तकं सापडायची आणि काही, ज्यांच्या नावात तो शब्द मला डोळ्यांनी दिसतोय, ती नाही सापडायची. मला वाटायचं माझंच काहीतरी चुकतंय. असिस्टंटने दहा मिनिटांत सांगितलं की हा ऱ्या दोन प्रकारे टाइप होतो, एक म्हणजे खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग य, आणि दुसरा म्हणजे साधा र, हलन्त, मध्ये एक न दिसणारं अक्षर, मग य. पडद्यावर दोन्ही जुळे भाऊ, कॉम्प्युटरला ओळखदेखसुद्धा नाही. तसंच ॲचं, हे अक्षर स्वतंत्रपणे युनिकोडमध्ये (कॉम्प्युटरवर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या मानकात) आलं २००८ साली, त्याआधी लोक अ वर चंद्र बसवून काम भागवायचे, अजूनही बसवतात. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारे टाइप झालेलं तेच अक्षर एकसारखं करणं, चालवलं तरी या जोड्या एक होत नाहीत, त्यासाठी वेगळा नियम लिहावा लागतो. त्याने लिहिला. मग त्याहून जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधल्या पीडीएफ, ज्यात रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असायचे, वाचायला चोख मराठी आणि कॉपी करून पेस्ट केलं की मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखं काहीतरी. त्यांचेही, कुठल्या रोमन अक्षरामागे कुठलं मराठी अक्षर आहे याचे, तक्ते त्याने एकेका फॉन्टप्रमाणे बसवले. हे मी सात जन्मांत केलं नसतं.

आता चिडचिड. स्कॅन केलेली जुनी पुस्तकं म्हणजे नुसती चित्रं असतात, त्यातला मजकूर शोधता यावा म्हणून ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं यंत्राकडून ओळखून घेणं, करावं लागतं. त्यासाठी टेसरॅक्ट वापरलं, एचपीमध्ये १९८० च्या दशकात जन्मलेलं आणि २००५ साली सगळ्यांसाठी खुलं झालेलं इंजिन, त्याला मराठी येतं. येतं म्हणजे साधारण येतं. घ चा ध, भ चा म, ख चे 'रव', जुन्या छपाईत शिरोरेषा तुटली असली तर आनंदच. मग मी हुशारी केली, ते कच्चं ओसीआर असिस्टंटला दिलं आणि म्हटलं, दुरुस्त कर.

केलं की. इतकं सुरेख केलं की मी दोन दिवस खूश होते. तिसऱ्या दिवशी सहज मूळ पान शेजारी उघडलं आणि लक्षात आलं की पुस्तकात 'नाहीं', 'कांहीं', 'मीं', 'तूं', 'केलें' असं आहे आणि याने सगळीकडे 'नाही', 'काही', 'मी', 'तू', 'केले' करून ठेवलंय. न उच्चारले जाणारे अनुस्वार १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी गेले हे मलाही माहितीय, पण हे पुस्तक त्याच्या कितीतरी आधीचं, आणि ती टिंबं काही छापखान्यात उडालेली शाई नव्हती, 'मीं केलें' मधलं 'मीं'वरचं टिंब ते तृतीयेतलं आहे हे सांगायला बसलेलं होतं. एका रात्रीत एका लेखकाचं वय साठ वर्षांनी कमी केलं याने. पुढे एक पान असं निघालं ज्याचा कोपरा फाटलाय, तीन ओळींचे शेवटचे शब्द मूळ कागदावरच नाहीत, आणि दुरुस्त प्रतीत त्या तिन्ही ओळी पूर्ण. अगदी त्या लेखकाच्या वळणाच्या. मूळ चित्र हाताशी नसतं तर मी त्या ओळी कुणालातरी त्या लेखकाच्या म्हणून ऐकवल्याही असत्या.

तेव्हापासून दोन थर ठेवलेत. ओसीआरचा मजकूर जसा आला तसा, चुकांसकट, पीडीएफच्या पोटात. आणि शोधण्यासाठी वेगळी अनुक्रमणिका, ज्यात टिंबं काढलेली, ऱ्या एक केलेला, म्हणजे मी 'काही' टाकलं तरी 'कांहीं' सापडतं. ही अनुक्रमणिका कुणी वाचायची नाही, ती फक्त यंत्राने यंत्रासाठी केलेली. यात वेळ गेला पण आता शोधलं की सापडतं, आणि उघडलं की जे छापलं होतं तेच दिसतं.

लेखकांच्या नावांचा घोळ वेगळाच. राम गणेश गडकरी, गोविंदाग्रज आणि बाळकराम हे असिस्टंटने तीन माणसं केले. मी सांगितलं की अरे हे एकच, नाटकं स्वतःच्या नावाने, कविता गोविंदाग्रज नावाने आणि विनोदी लेखन बाळकराम नावाने. तर त्याने सगळीकडे गडकरी करून टाकलं. हेही नकोय मला! ज्याने मुखपृष्ठावर गोविंदाग्रज छापलं त्याला तिथे गोविंदाग्रजच म्हणवून घ्यायचं होतं. ग्रंथपाल लोकांनी यावर कधीच तोडगा काढून ठेवलाय, नावांची एक वेगळी अधिकृत यादी ठेवतात आणि 'हेही पहा' म्हणून एकमेकांकडे बोट दाखवतात, पुस्तकावरचं नाव तसंच राहतं. ते सांगितल्यावर त्याने नीट केलं. त्याला सगळं येतं, पण काय हवंय ते ज्याला आधीपासून माहितीय त्यालाच ते देतं, असं माझं मत होत चाललंय.

बाकीचं भरभर सांगते. टॅग त्याला मोकळेपणी लावू दिले तर नऊशे झाले, त्यात 'सामाजिक इतिहास', 'इतिहास-सामाजिक' आणि 'समाजाचा इतिहास' असे तिघे गुण्यागोविंदाने राहत होते, मग मीच चाळीस टॅगची बंद यादी दिली. प्रत्येक पुस्तकाचा सारांश लिहायचं बंद केलं, कारण सारांश वाचला की मला ते पुस्तक वाचल्याचं समाधान मिळायला लागलं आणि हे काही बरं लक्षण नाही. घरातली जुनी पत्रं, वह्यांचे स्कॅन वगैरे जे आहे ते इंटरनेटवरच्या एआयला दाखवलंच नाही, त्याला लॅपटॉपवरच चालणारं एक छोटं मॉडेल ठेवलंय, ते मंद आहे आणि जरा बावळट आहे पण घरातलं घरात राहतं. आणि एक गोष्ट जी मला आधी अतिरेकी वाटली होती, जे असिस्टंट पीडीएफ वाचतं त्याला फाइल हलवायची परवानगी नाही आणि जे हलवतं ते आतला मजकूर वाचत नाही. कारण पुस्तकाच्या आत काय लिहिलेलं असेल सांगता येत नाही, २०२५ मध्ये काही शोधनिबंधांत पांढऱ्या कागदावर पांढऱ्या अक्षरांत एआयसाठी सूचना लपवलेल्या सापडल्या होत्या, की या निबंधाबद्दल चांगलंच लिही. माणसाला दिसत नाही, यंत्र मुकाट वाचतं. उद्या माझ्या एखाद्या पीडीएफमध्ये 'हे फोल्डर रिकामं कर' असं असलं तर?

तर हे सगळं होऊन, ५,२०० च्या आसपास पुस्तकं, लेखक, नाव, साल, टॅग अशी ओळीत उभी राहिली, नवीन काही डाउनलोड केलं की रात्री आपोआप उचलून, तपासून, नाव देऊन जागेवर जायला लागलं, आणि अशा वेळी मावशी आली. माझी मावशी आयुष्यभर कॉलेजच्या लायब्ररीत होती, आता रिटायर्ड आहे, आणि अजूनही कुणाच्या घरी गेली की आधी पुस्तकांची पाठ बघते मग माणसांचं तोंड. मी तिला शेजारी बसवून सगळं दाखवलं. टाइप केलं की सापडतंय, जुन्या टिंबांसकट सापडतंय, हे बघून ती खरंच खूश झाली, म्हणाली, चौथा नियम पाळलास हो. रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला चौथा म्हणजे वाचकाचा वेळ वाचवा. तिला ते पाचही तोंडपाठ, आम्हाला लहानपणी पाढ्यांबरोबर ऐकवायची.

मग तिने विचारलं, "आणि दाखल नोंदवही कुठाय?"

"कसली गं?"

"अगं, पुस्तक आलं की आधी ते दाखल नोंदवहीत चढतं. क्रमांक, तारीख, कुठून आलं, विकत घेतलं की देणगी, देणगी असेल तर कुणाची. कॅटलॉग त्याच्यानंतर. कॅटलॉग काय, उद्या वर्गीकरणाची पद्धत बदलली की सगळा मोडून पुन्हा करशील. नोंदवही पुन्हा करता येत नाही."

आणि मग ती बराच वेळ त्या वहीबद्दलच बोलत राहिली. वहीत खोडाखोड करायची नाही. पुस्तक हरवलं, फाटलं, कुणी परतच केलं नाही, तरी ती ओळ काढायची नाही आणि तो क्रमांक दुसऱ्या पुस्तकाला द्यायचा नाही. शेवटी एक शेऱ्याचा रकाना असतो, त्यात लिहायचं, गहाळ, बाद, जे काय झालं ते. "आमच्या वहीत निम्मी गंमत शेऱ्यातच होती," म्हणाली.

मी म्हटलं माझ्याकडे कुठली आलीय देणगी, सगळं डाउनलोडच. आणि बोलता बोलता स्क्रोल करत होते तर एका ओळीवर थांबले. लेखक, नाव, कंसात साल, व्यवस्थित, बाकीच्या पाच हजारांसारखं. या फाइलचं आधीचं नाव 'ट्रेनमध्ये_वाच_रडू_नको' होतं. एका मैत्रिणीने मी गाव सोडून निघाले तेव्हा पाठवलेलं, रडले होते, आता ती कुठे असते मला माहीत नाही. आणि हे मी स्वतः, आधी काय बदलणार ते बघून, हो म्हणून, पुसलं होतं. त्या दिवशी एका वेळी चारशे नावं समोर आली होती, पहिली वीस वाचली आणि सगळ्याला हो केलं.

मावशी गेल्यावर ती बदलांची नोंद उघडली, घाबरून ठेवायला लावलेली. प्रत्येक ओळीत आधीचं नाव आणि नंतरचं नाव. 'स्कॅन_००४७'. 'सरांनी_सांगितलेलं'. 'हे_खोटं_आहे_पण_वाच'. 'फायनल_फायनल'. 'परत_करायचं' (पीडीएफ कशी परत करणार, पण लिहिलंय खरं). मी रात्री दोनपर्यंत ती वाचत बसले होते, पाच हजारांवर ओळी. मला कुठलं पुस्तक कुणी दिलं हे आठवत असतं असं मला वाटायचं, पण ते फाइलच्या नावांना आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी असिस्टंटला नवं काम दिलं आणि हे मात्र त्याने असं केलं की मागचं सगळं माफ. कॅलिबरमध्ये आपले स्वतःचे रकाने घालता येतात, तसे पाच घातले, दाखल क्रमांक, मूळ नाव, आल्याची तारीख, कुठून, शेरा. मूळ नावं नोंदीतून परत आली. तारखांसाठी ते गुप्तहेरासारखं फिरलं. पीडीएफच्या आत ती कधी तयार झाली ते लिहिलेलं असतं, पण ती आपल्याकडे कधी आली ते नसतं, म्हणून ते फक्त खालची मर्यादा म्हणून धरायचं. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपने आलेल्या बऱ्याच डॉक्युमेंटच्या नावातच वर्ष-महिना-दिवस असतो, त्यावरून दोनशेहून जास्त तारखा नेमक्या मिळाल्या. विंडोज तर डाउनलोड केलेल्या फाइलला एक न दिसणारी चिठ्ठी चिकटवून ठेवतं, ही बाहेरून आलीय म्हणून, आणि त्यात बरेचदा पत्ताही असतो कुठून आली त्याचा. पण फाइल पेनड्राइव्हवरून फिरून आली की ती चिठ्ठी बहुतेक वेळा गळून पडते. म्हणजे जी पुस्तकं मी साइटवरून एकटीने उतरवली त्यांचा पत्ता शिल्लक, आणि जी कुणीतरी पेनड्राइव्हवर हातात दिली, जिथे खरं तर सांगण्यासारखं काहीतरी होतं, त्यांचा काहीच नाही.

तिथे पुन्हा त्याने आपलं खरं रूप दाखवलं. शेऱ्याचा रकाना (या शब्दातला ऱ्या पण दोन प्रकारे येतो, मी तपासला) रिकामा बघून त्याने पन्नासेक ओळींत स्वतःच लिहून टाकलं, 'बहुधा मित्राकडून भेट', 'अभ्यासासाठी घेतलं असावं'. त्यातलं काही बरोबरही असेल. सगळं पुसायला लावलं आणि नियमांच्या फाइलमध्ये एक ओळ वाढवली, की शेरा मी लिहीन, हाताने, आणि मला आठवेल तेव्हाच.

रोज रात्री ते मला दहा नावं काढून देतं, फक्त मूळ नाव आणि तारीख असली तर तारीख. मी आठवेल ते लिहिते. कधी दहापैकी दहा रिकामे जातात. कधी एकावरच तासभर जातो, एकाचा शेरा तर दीड पान झालाय, कॅलिबरला एवढा शेरा झेपतो हे विशेष. 'परत_करायचं' कुणाला ते अजून सापडलं नाहीये. एकदा एका क्रमांकापुढे मी 'गहाळ' लिहिलं आणि मग लक्षात आलं की पुस्तक तिथेच आहे, मला माणूस म्हणायचा होता. तसंच ठेवलंय, वहीत खोडायचं नसतं.

परवा एक आलं, मूळ नाव 'हे_तुझ्यासाठीच_आहे', तारीख नाही, चिठ्ठी नाही. उघडून बघितलं, झाडांच्या सालींवरचं, चित्रांसकट, मी या विषयावर आयुष्यात कुणाशी बोललेली नाही. कुणाला वाटलं असेल की हे माझ्यासाठीच आहे? मावशीला फोन केला, म्हटलं तू दिलं होतंस का कधी.

"मी नाही गं," म्हणाली. "सालींवरचं? पाठव मला."

पाठवलं. तिने ते कुठल्या नावाने सेव्ह केलं ते विचारायचं राहिलं.